जुना दोस्त, परकं गाव आणि खाण्यापिण्यात सरलेली एक रात्र

बाहेर स्थायिक झालेले मित्र आपल्याला बहुतेक कुणाच्या तरी लग्नात भेटतात, आणि लग्नात धड बोलणं होत नाही. तो आता जिथे राहतो तिथे जाऊन एक अख्खी रात्र मिळाली, तर मात्र वर्षांचं बोलून होतं. तुमची अशी रात्र असेल तर लिहा. कुठे बसलात, काय खाल्लंत, काय प्यायलात (चहाही चालेल), काय बोललात, सगळं सविस्तर येऊ द्या. सुरुवात मी करतो.

ऑक्टोबरात कामानिमित्त जर्मनीत कोलोनला गेलो होतो. कराडला चार वर्षं माझा रूम पार्टनर असलेला मित्र तिथे अकरा वर्षं राहतोय. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोरच कॅथेड्रल, १५७ मीटर उंच. १२४८ साली पाया घातला आणि काम पुरं झालं १८८० साली. मी मान वर करून बघत उभा, तेवढ्यात पाठीत धपाटा बसला. "ते उद्याही तिथेच आहे. चल, भूक लागलीय."

त्याने नेलं ते ब्राउहाउसमध्ये, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांच्याच खाणावळीत. लांब लाकडी टेबलं, अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. तिथली बिअर म्हणजे कोल्श, फिकट सोनेरी, २०० मिलीच्या सरळसोट ग्लासात येते. ग्लास एवढासा का, तर कोमट व्हायच्या आत संपावी म्हणून. मला हे फार पटलं. वाढप्याला कोबेस म्हणतात. निळा एप्रन, हातात ग्लास खोचलेला गोल ट्रे. मागायचं काही नाही. ग्लास रिकामा दिसला की तो भरलेला ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. पुरे झालं की पुठ्ठा ग्लासावर झाकायचा.

मित्र जन्माचा शाकाहारी. त्याने 'हाल्वे हान' मागवलं, म्हणजे शब्दशः अर्धा कोंबडा, तेव्हा मी चमकलोच. आलं ते राय (rye) धान्याचा पाव, गाउडा चीजचा जाड काप, मोहरीची चटणी आणि कच्चा कांदा! आमची मेस रविवारी रात्री बंद असायची. तेव्हा सकाळची भाकरी, कांदा आणि तिखट-मीठ हेच जेवण. त्याने कांद्याची चकती पावावर अंगठ्याने दाबली, माझ्याकडे सरकवली आणि एवढंच म्हणाला, "रविवार."

सातव्या-आठव्या रेघेला वडिलांचा विषय निघाला. २०२१ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा त्याला येता आलं नव्हतं. ते दवाखान्यात असताना डबा मी पोचवत होतो. शेवटी शेवटी त्यांनी मऊ भात आणि मेतकूट मागितलं, आणि चार घास आवडीने खाल्ले, हे मी त्याला सांगितलं. त्याला हे कुणीच सांगितलं नव्हतं. तो टेबलाकडे बघत बसला. कोबेस आला, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि रिकामे ग्लास तसेच ठेवून पुढे गेला. बऱ्याच वेळाने मित्राने विचारलं, "तूप होतं का त्यावर?" होतं.

तो पुठ्ठा मी मागून घेतला. चौदा रेघा आहेत.

माझं आग्रहाचं सांगणं आहे, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या हॉटेलात जाऊ नका. मित्र एखाद्या बुधवारी कामावरून परतताना जिथे थांबतो, तिथेच न्यायला सांगा.

*

मेतकुटाचं वाचून थांबलेच दोन मिनिटं. माझी रात्र लंडनची. शाळेपासूनची मैत्रीण, मी आठवडाभर तिच्याकडे होते. शनिवारी पबमध्ये गेलो. तिथे पाळीपाळीने सगळ्यांची ऑर्डर द्यायची रीत आहे, राउंड म्हणतात. अकराच्या सुमारास शेवटच्या ऑर्डरची घंटा वाजली आणि आमचं तर बोलणं नुकतं रंगात आलेलं. मग ब्रिक लेनवर चोवीस तास उघडं असतं त्या बेगलच्या (मधे भोक असलेल्या गोल पावाच्या) दुकानापुढे रांगेत उभ्या राहिलो. गरम सॉल्ट बीफ, झणझणीत मोहरी, कागदात गुंडाळलेलं. रात्री दोन वाजता फुटपाथवर उभं राहून दोघी निवांत खातोय, कुणी वळून बघत नाहीये. नाशिकला आम्हाला हे कधी मिळालं नव्हतं. तिला म्हटलं, मला तुझा हेवा वाटतो. ती म्हणाली, मला तुझ्या घरी आई आहे याचा वाटतो.

*

टोकियो. मित्र निशिकासाईला राहतो, तिथे आपली भारतीय वस्ती बरीच आहे. त्याने शिंजुकूला बोलावलं. स्टेशनच्या पश्चिमेला ओमोइदे योकोचो, म्हणजे आठवणींची गल्ली. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून ती उभी राहिली. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं एवढी अरुंद, दोन्ही बाजूंना सात-आठ खुर्च्यांची दुकानं आणि कोळशाचा धूर. बसल्याबरोबर न मागता एक लहानशी वाटी येते, तिला ओतोशी म्हणतात, तिचे पैसे बिलात लागतात. मग याकितोरी, म्हणजे काडीला खोचून भाजलेले कोंबडीचे तुकडे. मिठातली की सॉसमधली तेवढं सांगायचं. मिठातलीच घ्या, कोंबडीची चव कळते.

तिथे आपला ग्लास आपण भरायचा नसतो, दुसऱ्याचा भरायचा. त्यामुळे समोरच्याच्या ग्लासाकडे सारखं लक्ष ठेवावं लागतं. आमच्यात पाच वर्षं अबोला होता, पैशांवरून झालेला. एकमेकांचे ग्लास भरता भरता कोणी माफी मागितली आणि कोणी आधी, ते आता दोघांनाही आठवत नाही.

शेवटची गाडी चुकली. रात्री एकनंतर गाड्या नाहीत, पहिली पाचच्या आसपास. थंडी होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेतल्या, आत उमेबोशी, म्हणजे मिठात मुरवलेलं आंबट फळ, असलेल्या. पहिला घास घेतला आणि दोघंही एकदमच म्हणालो, "लिंबाचं लोणचं!" आजीच्या बरणीतलं, मिठात मुरलेलं जुनं लोणचं असतं ना, अगदी तसं.

*

सिंगापूर, लाउ पा सात हा खाण्याच्या दुकानांचा बाजार. संध्याकाळी शेजारचा बून टॅट रस्ता गाड्यांना बंद करतात आणि टेबलं मांडून निखाऱ्यांवर साते, म्हणजे काडीला खोचलेले मांसाचे तुकडे, भाजतात. मैत्रिणीने खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली, आपल्याकडे एसटीत रुमाल टाकतात तशी. सातेबरोबर शेंगदाण्याची दाट चटणी. आम्ही दोघी सोलापूरच्या, त्यामुळे साते राहिली बाजूला आणि चटणी तीनदा मागवली. साडेदहानंतर तिथल्या दुकानांत दारू विकत मिळत नाही, हे ज्यांना घरी जाऊन बसायचं असेल त्यांनी ध्यानात ठेवा.

*

मी दारू घेत नाही, मित्रही घेत नाही. तरी लिहितो.

आम्ही दोघे खेडचे. तो दुबईला, मी सुट्टीत चार दिवसांसाठी गेलेलो. रात्री त्याने सतवा भागातल्या रावी रेस्टॉरंटला नेलं. १९७८ पासूनचं पाकिस्तानी हॉटेल, बाहेर फुटपाथवर टेबलं, टॅक्सीवाल्यांपासून साहेबांपर्यंत सगळे एकाच रांगेत. त्याने भराभर मागवलं, डाळ फ्राय, चिकन, गरम नान. मला वाढत होता, "घे रे, लाजतोस काय." स्वतः मात्र नानचा एकच तुकडा हातात घेऊन मोडत बसलेला. लहानपणी आमच्या घरी जेवताना हा माझ्या ताटातली माशाची तुकडी उचलून खायचा, मासा म्हणजे जीव की प्राण. हा असा जेवत नाही म्हणजे काहीतरी आहे.

विचारलं तर हसला. दुसऱ्या चहाला बोलला. कंपनीने पाच महिने पगार दिला नव्हता. गावी पैसे जात होते ते उसनवारीचे. "अम्मीला सांगू नकोस." पहाटेपर्यंत बसलो, कुणाचं किती देणं आहे ते पेपर नॅपकिनवर लिहून काढलं. बिल आलं तसा त्याने त्यावर हात ठेवला. मी त्याचा हात तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने पैसे दिले.

आठ महिन्यांनी नवी नोकरी लागली. पहिला पगार झाला त्या रात्री फोन आला. "रावीत बसलोय. आज पोटभर जेवलो. आता चहा मागवलाय, दोन."