आठ हजार मीटरवर अनोळखी माणूस पडलेला दिसला, तर शिखर सोडायचं की नाही?

कडेकपारी
मे २००६. एव्हरेस्टच्या ईशान्य धारेवर, ८,४०० मीटरच्या वर, डेव्हिड शार्प हा ब्रिटिश गिर्यारोहक एका कपारीत गारठून गेला. जवळून चाळीसेक जण गेल्याचं सांगतात. एडमंड हिलरींनी यावर उघड संताप व्यक्त केला. दहाच दिवसांनी त्याच धारेवर, अजून उंचावर, मृत समजून सोडलेला ऑस्ट्रेलियन गिर्यारोहक लिंकन हॉल सकाळी जिवंत सापडला. डॅन मझूरच्या तुकडीने चढाई थांबवली, ऑक्सिजन आणि पाणी दिलं, खाली कळवलं, शेर्पा येईपर्यंत त्याला सांभाळलं. हॉल वाचला. माझं मत स्पष्ट आहे: जिवंत माणूस दिसला की शिखराचा विषय संपला.

दोरबांध
असहमत. हॉल आधाराने का होईना, पायांवर उतरू शकला. शार्पला उभंही राहता येत नव्हतं. सगळा फरक इथेच पडतो.
ऑक्सिजनचा हिशोब बघा. चार लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने साधारण १,२०० लिटर वायू बसतो. मिनिटाला दोन लिटर सोडला तर दहा तास, चार लिटर सोडला तर पाच. जादा सिलिंडर नसताना स्वतःचा काढून दिला, तर तासाभरात दोघं आडवे. शिवाय निश्चल माणूस उतरवताना दोराच्या प्रत्येक खुंटीपाशी त्याची कॅराबिनर (दोराला अडकवायची कडी) सोडून पुढे अडकवायची, उभ्या टप्प्यावर दोराने खाली सोडायचं. दोघातिघांचं काम नाही हे.

हिमरेषा
दोघातिघांनीच केलंय की! १८ मे २०२३ ला एव्हरेस्टच्या नेपाळ बाजूला, बाल्कनी नावाच्या टप्प्याजवळ, गेल्जे शेर्पांना एक मलेशियन गिर्यारोहक गारठलेला दिसला. त्यांनी आपल्या ग्राहकाला शिखर सोडायला राजी केलं. त्या माणसाला झोपायच्या मॅटमध्ये गुंडाळून, कुठे पाठीवर तर कुठे बर्फावरून ओढत, सुमारे ६०० मीटर खाली आणलं. सहाएक तास लागले. नीमा ताशी शेर्पा मदतीला आले. पुढे कॅम्प तीनवरून हेलिकॉप्टरने लांब दोराला लटकवून त्याला उचललं. तो जगला. 'अशक्य' हा शब्द जरा जपून वापरावा.

दोरबांध
गेल्जेंना साष्टांग नमस्कार. पण पाठ कुणाची होती? निर्णय ग्राहकाचा, ओझं शेर्पाचं. 'आपण वाचवायलाच हवं' असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या उंचीवर स्वतःची पिशवी जड होते. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं याला मी नीती म्हणणार नाही.

बेसकॅम्प_डॉक्टर
'वाचवणं' म्हणजे उचलून नेणं असं दोघंही धरून चालला आहात. त्याआधी दहा मिनिटांत करण्यासारखं बरंच असतं. नाव विचारा. मास्क तपासा: श्वास बाहेर सोडायच्या झडपेत बर्फ धरतो, ऑक्सिजनचा प्रवाह ठरवणारा रेग्युलेटर गोठतो, सिलिंडर केव्हाच रिकामा झालेला असतो. बोलणं अडखळतंय, तोल जातोय, म्हणजे मेंदूला सूज आली असं धरा. सूज उतरवणारं डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४. गिळता येत नसेल तर स्नायूत इंजेक्शन. त्यासाठी अँप्यूल (औषधाची काचकुपी) अंगाशी ठेवलेलं हवं, पाठपिशवीत ते गोठतं. ऑक्सिजन मिनिटाला चार लिटर. अर्ध्या तासात उभा राहिला तर लगेच खाली न्या, कारण औषधाने आजार जात नाही, फक्त उतरायला वेळ मिळतो. नाहीच उठला, तर दोरबांध यांचं म्हणणं मी नाकारू शकत नाही. जानेवारी २०१८ मध्ये पाकिस्तानातल्या नंगा पर्बतवर उरुब्को आणि बिलेत्स्की हे गिर्यारोहक रात्रभर चढून, वर अडकलेल्या एलिझाबेथ रेव्होलपर्यंत पोचले. तिचा जोडीदार मात्स्केविच त्याहून खूप वर, चालू न शकणारा. त्याच्यासाठी ते वर गेले नाहीत.

कडेकपारी
मान्य, पण ही दहा मिनिटंही लोक देत नाहीत, हाच माझा आक्षेप. २७ जुलै २०२३ ला के-टू शिखराच्या बॉटलनेक या अरुंद घळीत मोहम्मद हसन हा पाकिस्तानी हमाल घसरला. काहींनी तासनतास प्रयत्न केले. बाकीची रांग मात्र त्याला ओलांडून शिखराकडे सरकत राहिली. दोरबांध, इथे तर पडलेलाच मजूर होता. चढाईच्या परवान्यातच अट घाला: प्रत्येक तुकडीकडे माणसांमागे मोजलेल्या सिलिंडरपेक्षा एक जास्त आणि डेक्साचा संच. नसेल तर कॅम्प चारच्या, म्हणजे शिखराआधीच्या शेवटच्या तळाच्या, वर जायचं नाही.

दोरबांध
डेक्साचा संच आजच सक्तीचा करा, माझा पाठिंबा. जादा सिलिंडर मात्र एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातातून कुणीतरी पाठीवर वाहून नेणार. एप्रिल २०१४ मध्ये तिथे एकाच हिमस्खलनात सोळा नेपाळी कामगार गेले, बहुतेक ओझी वाहतानाच. त्यापेक्षा परवानेच कमी करा, तेवढी सिलिंडरं आपोआप उरतील.