इशापूर २ए१ साठी डमी काडतुसं: गोळी आत का जाते?

टेक्सासचा_पाव्हणा:
मंडळी, बंदुकीबद्दल इथे फारसं कुणी लिहीत नाही, तरी विचारतो. गेल्या दिवाळीत मी इथे सॅन अँटोनिओत एक जुनी इशापूर २ए१ रायफल घेतली. १९६२च्या चीन युद्धानंतर बंगालातल्या इशापूरच्या कारखान्यात आलेलं हे मॉडेल. घराणं इंग्रजांच्या एन्फिल्ड रायफलीचं, पण जुन्या .३०३ काडतुसाऐवजी ७.६२ नाटो खाणारी, बारा काडतुसांच्या चौकोनी मॅगझिनची. एनसीसीत आम्हाला कवायतीला डीपी, म्हणजे बार न उडणारी कवायतीची रायफल मिळायची. चाप ओढला की नुसतं 'खट्'. तेव्हापासूनचं वेड.

अडचण अशी की सहा भरली तर गाडी सुरळीत चालते. बारा भरली की वरची दोन-तीन नाक खाली खुपसतात आणि बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) अडतो. जिवंत काडतुसं घालून घरात बोल्ट मागेपुढे करायचा नसतो एवढी अक्कल आहे, म्हणून डमी, म्हणजे दारू नसलेली नकली काडतुसं, करायला बसलो. रेंजवरच्या रिकाम्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळी) आणल्या, दुकानातून नुसत्या गोळ्या आणल्या आणि फेव्हिक्विकने चिकटवल्या. तिसऱ्या फेरीत गोळी पुंगळीच्या पोटात! आणि दोन डमी तर चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या घरात, शिरायलाच तयार नाहीत. काय चुकतंय?

ओहायोचा_लोहार:
फेव्हिक्विक बूट चिकटवायला ठेवा हो. बार उडाला की पुंगळी फुगते, गोळी धरणारी मानही सैल होते. दुसऱ्याच्या रायफलीत फुगलेली पुंगळी तुमच्या चेंबरमध्ये कशी जाईल? हातप्रेसवर साइझिंग डायमधून, म्हणजे पुंगळी दाबून मूळ मापावर आणणाऱ्या साच्यातून, पूर्ण काढा. त्याच दाबात उडालेला प्राइमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी, हीही खालून पडते. आधी आत डोकावून पाहा. मध्यभागी एक भोक असेल तर ठीक, दोन बारीक भोकं असतील तर ती पुंगळी बाजूला टाका, डायची सुई मोडेल.

मग पुंगळीच्या कुशीत तीन मिलिमीटरचं आरपार भोक पाडा. *गोळी बसवायच्या आधी*, रिकाम्या पुंगळीला. भरलेल्या काडतुसाला ड्रिल लावणारा महाभाग मी पाहिलाय, आता आम्ही एका रेंजवर जात नाही. मग गोळी बसवा, एकूण लांबी ७१ मिलिमीटरच्या आत ठेवा. प्राइमरच्या खळग्यात सिलिकॉन भरा आणि रात्रभर वाळू द्या, म्हणजे प्राइमरवर आपटणाऱ्या फायरिंग पिनला गादी मिळते. दारू नाही, प्राइमर नाही, 'अर्धवट जिवंत' असलं काही नाही.

खडकीकर:
पुंगळ्यांच्या बुडावर केएफ दिसलं तर ती आमच्या खडकीची, ओएफव्ही म्हणजे भुसावळजवळच्या वरणगावची. जपून ठेवा, पण तिकडेच. सुट्टीत येताना 'आठवण' म्हणून बॅगेत एकही आणू नका, भोक पाडलेली डमीसुद्धा. आपल्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे भागही दारूगोळ्यातच मोजतात. पुढे कोर्टात सुटाल, पण एक्स-रेवर दिसली की विमान गेलं, आणि पोलीस चौकीत 'ती डमी आहे हो' हे चार जणांना समजावत बसाल. इथल्या वाचकांनीही हा उद्योग घरी करू नये. तुमची ७.६२ काय नि .३०३ काय, साध्या परवान्यावर मिळतच नाहीत. म्हणून तर त्याच इशापूरची .३१५ परवानाधारकांकडे दिसते.

बाकी भोकाबद्दल लोहारबुवांना अनुमोदन. डमी अंधारात बोट फिरवूनही ओळखता आली पाहिजे.

टेक्सासचा_पाव्हणा:
भोकाचं महत्त्व कळलं, पण उशिरा. शनिवारी सकाळी हिला स्वयंपाकघरात कात्र्यांच्या खणात माझी पहिली, बिनभोकाची डमी सापडली. चिमटीत धरून विचारलं, "हे जिवंत आहे का?" मी 'नाही' म्हणालो, पण मध्ये दोन सेकंद गेले. ती दोन सेकंदं तिने मोजली. आता डमी लाल झाकणाच्या लोणच्याच्या बरणीत, आणि जिवंत काडतुसं गॅरेजमध्ये कुलपात.

नव्या बारा डमी केल्या. लोहारसाहेब, डाय उसना मिळाला. एक युक्ती सुचली: प्रत्येक डमी काळ्या मार्करने मानेपासून बुडापर्यंत रंगवली आणि सावकाश बोल्ट फिरवला. वरच्या तिघींच्या डाव्या खांद्यावर एकाच जागी पितळी ओरखडा, नखाने काढावा तसा. उजवी बाजू कोरी. म्हणजे मॅगझिनचा डावा ओठ (काडतुसं धरणारी वरची पत्र्याची कड) आत वळलाय, बरोबर ना?

ओहायोचा_लोहार:
बरोबर. पण पकडीने एकदम वाकवू नका, ओठ मोडला तर या मॅगझिनला दुसरं शोधत फिराल. पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळा, केसभर उघडा, परत रंगवा, परत फिरवा. आणि दर पाच-सहा फेऱ्यांनी डमीची लांबी मोजा. गोळी आत सरकली की ती डमी खोटं बोलायला लागते, तुम्ही मॅगझिनला दोष देत बसाल.

टेक्सासचा_पाव्हणा:
चार वेळा वाकवून आता बारापैकी अकरा निमूट जातात. सगळ्यात वरची अजून कधीमधी अडते. कॅलिपरवर तिची लांबी ७०.९ वरून ७०.२ झालीय. म्हणजे तीच लबाड निघाली. उद्या नवी बसवतो.