मदत हवी आहे: काडतूस फुसकं वाजलं, पुढचं टाकू का?

मकावाला_निफाड
बारा बोअरची दुनळी. काल दोन काडतुसं भरली. एक वाजलंच नाही, नुसतं टक्. दुसरं वाजलं, पण फुसकं. परवाना, वनखात्याची परवानगी सगळं आहे, ते विचारत बसू नका. रात्री मक्यात डुकरं येतात. खोक्यातली राहिलेली वापरू की फेकू? लवकर सांगा.

गोदाकाठ
फुसकं म्हणजे? आवाज कमी, की खांद्याला धक्काही कमी? कुठल्या नळीतून? आणि बंदूक आत्ता भरलेली आहे का?

मकावाला_निफाड
धक्का नाहीच म्हणा. डावीतून. उजवीत टक्. आता रिकामी आहे.

गोदाकाठ
मग पुढचं काडतूस अजिबात घालू नका. दारू धड पेटली नाही की छर्र्यांमागचं बूच नळीतच राहतं. बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिमी, बूच ती पुरती बंद करतं. त्यावर दुसरा बार काढला की नळी फुगते नाहीतर फाटते, आणि तुमचा डावा हात तिथेच असतो.

बंदूक उघडा. दोन्ही घरं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागा, रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा, बोट घालूनही पाहा. मग नळ्या दस्त्यापासून सोडवा आणि मागच्या बाजूने उजेडाकडे धरा. आरपार स्वच्छ गोल दिसला पाहिजे.

रानवाट
एवढं काय त्यात? टक् झालेलं काडतूस जरा फिरवून परत टाका, दुसऱ्या ठोक्याला वाजतं. बाकीची दोन दिवस उन्हात वाळवा.

गोदाकाठ
@रानवाट, उन्हाने दारू सुधारत नाही, बिघडते. आणि ज्या खोक्यातलं एक काडतूस फुसकं निघालं, त्यातलं दुसरं परत ठोकून बघायचं? कशासाठी?

तोफखाना_देवळाली
टक् झाल्यावर लगेच काय केलंत? बहुतेक जण तिथल्या तिथे बंदूक उघडतात. टोपी, म्हणजे पिन आदळल्यावर दारू पेटवणारी काडतुसाच्या बुडातली वाटी, कधीकधी उशिरा पेटते, आणि बंदूक उघडताना काडतूस फुटलं तर पितळेचे तुकडे मागे, तोंडावर येतात. नळी होती त्याच सुरक्षित दिशेला धरून ठेवायची, बोट चापावरून बाहेर, निदान ३० सेकंद. मग सेफ्टी लावून उघडायची. चेहरा बाजूला, मागे कोणी उभं नको. दुनळीत दुसरी नळी अजून भरलेली असते, हे त्या गडबडीत हमखास विसरतं.

रानवाट
आजकालच्या काडतुसात असला उशीर झालाच तर सेकंदभराच्या आत संपतो. ३० सेकंद उगाच.

तोफखाना_देवळाली
बहुतेक वेळा, मान्य. पण ३० सेकंदांत डुक्कर काही पुण्याला पोचत नाही.

नवखा_सिन्नर
परवाना किती वर्षांनी नवा करायचा?

तोफखाना_देवळाली
५ वर्षांनी. २०१९ च्या दुरुस्तीआधी ३ होती. धागा वेगळा काढा.

बागाईतदार
बंदूक हवीच कशाला? पीव्हीसी पाइपची, कार्बाइडच्या गॅसवर वाजणारी कार्बाइड गन करा, स्वस्तात काम.

गोदाकाठ
नको. २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये कितीतरी मुलांचे डोळे तिनेच गेले. वाजली नाही म्हणून पाइपात डोकावायचं आणि तेवढ्यात आतला गॅस पेटायचा.

@मकावाला, न वाजलेल्या काडतुसाच्या टोपीवर खड्डा कसा आहे? खोल असेल तर टोपी मेलेली. बारीक असेल तर पिन झिजलीय, स्प्रिंग ढिली पडलीय किंवा आत जुनं तेल घट्ट झालंय. पितळेवर हिरवट थर, फुगलेलं अंग, छर्रे आत राहावेत म्हणून दुमडलेल्या तोंडाची सुटलेली घडी, हेही बघा. आपल्याकडे पावसाळाभर काडतुसं तेलकट चिंधीत गुंडाळून पेटीत ठेवतात. गंज येत नाही, पण तेल टोपीत झिरपतं.

मकावाला_निफाड
खड्डा बारीक. चिंधी होती. डाव्या नळीत वीतभर आत काहीतरी काळं दिसतंय. गज घालून ठोकू? आणि नळीवर ६५ लिहिलंय, काडतुसं ७० ची आहेत. बसतात नीट.

गोदाकाठ
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! ७० मिमी हे वाजून उघडलेल्या काडतुसाचं माप. न वाजलेलं आखूड असतं, म्हणून ६५ च्या घरात खुशाल बसतं. पण वाजताना तोंडाची घडी उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बूच निघालं तरी ही काडतुसं या बंदुकीत चालणार नाहीत.

गज ठोकू नका, नळीला आतून चरे पडतील. बंदूक रिकामी करून परवान्यासकट परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या. बूच काढून झालं की नळी फुगलीय का तेही तो बघेल, उजवीची पिन पण तपासून घ्या. न वाजलेलं काडतूस वेगळ्या डबीत ठेवा आणि खोक्यासकट विक्रेत्याकडे द्या. विहिरीत नाही, चुलीत तर नाहीच.

मकावाला_निफाड
आणि आज रात्री डुकरांचं काय?

रानवाट
मचाणावर बसा आणि पत्र्याचा डबा बडवा.