तिसरा रोबो चढला की फळी आपटते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी लातूरकडे शाळेत विज्ञान शिकवते, नववी-दहावीच्या पोरांचा रोबोटिक्सचा गटही बघते. आसपासच्या तीन शाळांनी मिळून आपसांत स्पर्धा ठेवलीय. खेळ घेतलाय फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धेच्या २०२३ च्या 'चार्ज्ड अप' खेळातला: शेवटच्या ३० सेकंदांत तिन्ही रोबो झुलत्या फळीवर चढवायचे. फळी सपाट राहिली तर दर रोबोमागे १० गुण, कललेली राहिली तर ६.

मूळ मंच ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे प्लायची अख्खी शीट. आमचे रोबो लहान, म्हणून सुताराकडून निम्म्या मापाची करून घेतली, खालून मधोमध बिजागऱ्या. सपाट म्हणजे साधारण २.५ अंशांच्या आत. आमच्या फळीची कड मग सव्वा सेंटिमीटरच वरखाली चालते!

एकटा रोबो झकास टिकतो. दोघंही बहुतेक वेळा टिकतात. तिसऱ्यानं पुढची चाकं टेकवली की फळी त्याच्याकडं झुकते, वरचे दोघं आपापला एमपीयू-६०५० (कल मोजणारा सेन्सर) बघून सावरायला पळतात, फळी पलीकडं आपटते, मग तिघंही उलटे फिरतात. परवा त्या धडपडीत एकाच्या बॅटरीचा कनेक्टरच निसटला. पोरं म्हणायलेत, "मॅडम, पीआयडीचे आकडे बदलू." (पीआयडी म्हणजे कल बघून चाकं किती फिरवायची ते ठरवणारं सूत्र.) आठ दिवस तेच करायलोत. वजनं ३, ३.२ आणि ४.५ किलो. चूक नेमकी कुठंय?

गोदाकाठ, नांदेड:
मॅडम, आकड्यांना हात लावू नका. एकच फळी तिघं सावरायलेत, तीच भानगड आहे. प्रत्येकाला दिसणारा कोन बाकीच्या दोघांमुळंही बदलतो. एकालाच सावरू द्या. हलके दोघं आधी मध्यावर नेऊन ब्रेकवर ठेवा, ४.५ किलोवाला शेवटी चढवा. त्याला कमी सरकावं लागतं: ३ किलोचा १५ सेंटिमीटर पुढं राहिला, तर हा १० सेंटिमीटर मागं थांबला की हिशोब जुळला.

मोटर ड्रायव्हर एल२९८एन असेल तर एक बघा. त्याची इनेबल (मोटर चालू-बंद करणारी) पिन बंद केली की मोटर मोकळी सुटते, रोबो उतारावर घरंगळतो. इनेबल चालू ठेवून दोन्ही इनपुट सारखे करा, तेव्हा ब्रेक लागतो. आम्हाला कॉलेजात हे कळायला अख्खं सेमिस्टर गेलं, सांगायला लाज वाटते.

पाणचक्की:
वरच्यांशी सहमत. शिवाय सावरणाऱ्यानं कोन शून्य व्हायची वाट बघायची नाही. तोवर फळी पलीकडं निघालेली असते. कोन उतरायला लागला की लगेच चाकं थांबवायची, फळी शांत झाली की मग थोडं थोडं सरकायचं.

आणि तिसऱ्याचा भरवसा नसेल तर चढवूच नका. दोघं सपाट म्हणजे २०, तिसरा खाली आपल्या हद्दीत उभा त्याचे २, एकूण २२. तिघं कललेले राहिले तर १८ च.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. इनेबलचंच निघालं! आज दोघांना ब्रेकवर ठेवून जड रोबोच्या जागी साडेचार किलो तूरडाळीची पिशवी हातानं सरकवली, दोघं जागचे हलले नाहीत. मग खरा रोबो चढवला, दहापैकी चारदा फळी सपाट राहिली. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली.

आता अडचण रुंदीची. रोबो ३८ सेंटिमीटरचे, तिघांचे ११४, फळी १२२. तिसरा मधल्याला घासतो आणि वाकडा होतो. चढताना सरळ रेषा धरायला कोणी काय केलंय?