मदत हवी आहे : थियागो सिल्वाच्या कारकिर्दीच्या तक्त्यातील शून्यांचे काय करावे?

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या पेठेतल्या तालमीचा फुटबॉल संघ आहे. त्यातील कुमार गटाच्या मुलांसाठी मी दर दोन महिन्यांनी एक भित्तिपत्रक तयार करतो. एका परदेशी खेळाडूची क्लब कारकीर्द, मधोमध तक्ता आणि भोवती मजकूर, असे त्याचे साधे स्वरूप असते. पुढच्या अंकासाठी मी ब्राझीलचा बचावपटू थियागो सिल्वा याला निवडले आहे. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा भाग मी मुद्दाम वगळला असून २००४ ते २०२४ या वीस वर्षांतील त्याच्या युरोपातील वाटचालीवरच भर ठेवला आहे. मजकूर बराचसा लिहून झाला आहे. अडलो आहे तो तक्त्यापाशी.

तक्त्याचे रकाने नेहमीचेच आहेत : वर्षे, क्लब, सामने, गोल. पहिली ओळ पोर्तुगालच्या पोर्टो क्लबाची. २००४ च्या उन्हाळ्यात पोर्टोने त्याला जुवेन्तुदे या क्लबाकडून घेतले (इटलीचा युव्हेंटस नव्हे, हा दक्षिण ब्राझीलमधील काशियास दो सुल या शहराचा क्लब). तेव्हा पोर्टोने नुकतीच चॅम्पियन्स लीग (युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) जिंकली होती, प्रशिक्षक मोरिन्यो इंग्लंडमधील चेल्सीला गेले होते आणि त्यांच्यापाठोपाठ रिकार्दो कार्व्हाल्यो हा पहिल्या पसंतीचा स्टॉपर (मधला बचावपटू) ही गेला होता. म्हणजे जागा रिकामी होती. तरीही सिल्वा ‘ब’ संघातच खेळत राहिला आणि पोर्टोच्या मुख्य संघाकडून त्याचा एकही सामना झाला नाही. दुसरी ओळ डायनामो मॉस्कोची. २००५ मध्ये तो तिथे लोनवर (ठरावीक काळापुरता दुसऱ्या क्लबाकडे) गेला, तिथे त्याला क्षयरोग झाल्याचे निदान झाले आणि पुढचे सुमारे सहा महिने त्याने रुग्णालयात काढले. तिथेही सामने शून्य. नंतर ब्राझीलमधील फ्लुमिनेन्से क्लबाची तीन वर्षे आणि मग इटलीतील मिलान. पण मिलानचेही पहिले अर्धे वर्ष शून्यच आहे. २००९ च्या जानेवारीत तो सुमारे १ कोटी युरोंना तिथे दाखल झाला, मात्र युरोपीय संघाच्या (ईयू) सदस्य देशांबाहेरील खेळाडूंसाठी असलेल्या जागा त्या मोसमापुरत्या भरलेल्या असल्यामुळे तो अधिकृत सामन्यांत उतरू शकला नाही.

माझ्यासोबत काम पाहणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की पहिल्या दोन ओळी काढून टाका आणि तक्ता सरळ मिलानपासून सुरू करा. मुलांना शून्ये कशाला दाखवायची? मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना नीट समजावूनही सांगता येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आमच्या कुमार संघातील एक स्टॉपर गेले चार महिने क्षयरोगाची औषधे घेत आहे. त्याची तब्येत सुधारत असून तो संध्याकाळी मैदानावर येतो, कडेच्या दगडी पायरीवर बसतो आणि संघाची वही सांभाळतो. कोणी खेळले, कोणी गोल केला, कोणाला पिवळे कार्ड मिळाले, ही नोंद त्याच्याच हातची असते. त्या वहीत जूनपासून स्वतःच्या नावापुढे तो दर सामन्याला एक शून्य काढतो, आणि ते शून्य इतके गोल, इतके नेटके असते की पाहणाऱ्याला कसेसेच व्हावे. भित्तिपत्रक तो वाचणार आहे. म्हणून त्यात खोटी भर नको आणि लपवाछपवीही नको.

तेव्हा जाणकारांना दोन प्रश्न. तक्त्यात ही शून्ये कशी दाखवावीत? आणि आजारपणाचा भाग किती व कसा लिहावा?

प्रतिसाद १

पहिल्या दोन ओळी काढू नयेत. तक्ता हा खेळाडू कोणत्या काळात कोणत्या क्लबाचा होता याचा हिशेब असतो. सामन्यांची संख्या हा त्या हिशेबातला फक्त एक रकाना. पोर्टोसमोर ‘ब संघ’ अशी वेगळी ओळ घ्यावी, मुख्य संघापुढे शून्य लिहावे आणि डायनामोपुढे कंसात ‘लोनवर’ असे लिहावे. ‘लोन’साठी ‘उसनवारी’ हा शब्द कानाला गोड वाटतो, पण मैदानावर तो कोणी वापरत नाही, त्यामुळे मुलांना तोच पुन्हा समजावून सांगावा लागेल.

मिलानच्या अर्ध्या मोसमाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहा, असे सुचवतो. त्या सहा महिन्यांत सिल्वा सामना खेळला नाही, पण तो ज्या संघात दाखल झाला होता त्यात पाओलो माल्दिनी आणि अलेस्सांद्रो नेस्ता हे नामवंत बचावपटू होते. माल्दिनी त्याच मोसमाच्या अखेरीस निवृत्त झाला, आणि २००९-१० पासून सिल्वा नेस्ताच्या शेजारी उभा राहिला. २०१०-११ मध्ये मिलानने इटलीची लीग जिंकली तेव्हा ३८ सामन्यांत संघावर फक्त २४ गोल झाले होते. स्टॉपरच्या कामाचे मोजमाप त्याच्या स्वतःच्या गोलांपेक्षा या आकड्यात अधिक दिसते, म्हणून जमल्यास ‘संघावर झालेले गोल’ हेही मुलांना दाखवा.

प्रतिसाद २

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे आणि फुटबॉलमधले मला फारसे कळत नाही, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नापुरतेच लिहितो.

या खेळाडूची गोष्ट सांगताना ‘जिद्दीने क्षयरोगावर मात केली’ असे वाक्य कृपया लिहू नका. क्षयरोग जिद्दीने बरा होत नाही. तो औषधांनी बरा होतो, आणि औषधे पूर्ण मुदत घेतली तरच होतो. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयरोगावर आपल्याकडे पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे देतात. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढू लागते, भूक परत येते आणि नेमके इथेच अनेक जण, विशेषतः तरुण मुले, औषध सोडून देतात. आपला खेळाडू चौथ्या महिन्यात आहे, म्हणजे तो याच निसरड्या टप्प्यावर आहे. त्याला वही सांभाळायला देणे हे फार चांगले केलेत. पळायला कधी लागायचे, हे मात्र प्रशिक्षकाने किंवा घरच्यांनी नव्हे, तर त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तपासून ठरवावे.

सिल्वाबद्दल लिहायचेच असेल तर असे लिहा की त्याचे निदान झाले, त्याने उपचार पूर्ण केले आणि त्यानंतर तो खेळू लागला. क्रम महत्त्वाचा आहे.

धागाकर्ता

डॉक्टर, आपले मनःपूर्वक आभार. आपण नको म्हटलेले वाक्य माझ्या मसुद्यात जवळजवळ त्याच शब्दांत होते. ते काढले आहे.

क्रम पाहताना एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. इव्हो वोर्टमन या प्रशिक्षकाने सिल्वाला आधी जुवेन्तुदेमध्ये खेळवले होते, मॉस्कोतही २००५ मध्ये तेच होते आणि २००६ मध्ये तो फ्लुमिनेन्सेला परतला तेव्हा तिथेही तेच प्रशिक्षक होते. आजारी असताना ज्याच्या नावापुढे शून्य होते, त्याला शून्यापूर्वीचा खेळ माहीत असलेल्या माणसाने पुन्हा संघात घेतले. पुढे २००७ मध्ये फ्लुमिनेन्सेने ब्राझीलचा चषक जिंकला आणि २००८ मध्ये लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रिओच्या माराकाना मैदानावर पेनल्टींवर हार पत्करली. हा भाग मी दोन वाक्यांत आटोपणार होतो, आता वोर्टमन यांना त्यात जागा देतो.

आणखी एक विचारायचे आहे. पॅरिस सें-जर्मेंची आठ वर्षे कशी लिहावीत? ४ कोटी २० लाख युरोंना तो २०१२ मध्ये तिथे गेला, कर्णधार झाला, ३१५ सामने खेळला आणि सात वेळा लीग जिंकली. आकडे भरगच्च आहेत, पण लिहायला बसले की हाताला काही लागत नाही.

प्रतिसाद ३

आकडे ठेवा बाजूला आणि एकच सामना लिहा : ११ मार्च २०१५, चॅम्पियन्स लीगची बाद फेरी, चेल्सीचे स्टॅमफर्ड ब्रिज मैदान, समोर चेल्सी. पॅरिसमधील पहिला सामना १-१ असा सुटला होता. इथे अर्ध्या तासानंतर इब्राहिमोविचला लाल कार्ड मिळाले आणि पॅरिसचे दहा जण उरले. तरीही ९० मिनिटांअखेर १-१ अशी बरोबरी होती. जादा वेळेत सिल्वाचा हात उंच गेला आणि चेंडू त्यावर आदळला. पेनल्टी मिळाली आणि हझार्डने गोल केला. आता सिल्वा बाहेर जाणाऱ्या संघाचा कर्णधार होता आणि चूकही त्याचीच होती. शेवटच्या काही मिनिटांत कॉर्नरवर त्याने मारलेला हेडर कुर्त्वाने कसाबसा बाहेर ढकलला, म्हणून पुन्हा कॉर्नर मिळाला. सिल्वा जागचा हलला नाही, तिथूनच पुन्हा उडी घेतली आणि या वेळी चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून कमान घेऊन जाळ्यात गेला. मिनिट ११४ वे. २-२, म्हणजे दोन्ही सामने मिळून ३-३, आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल केल्यामुळे तेव्हाच्या नियमाने पॅरिस पुढे गेले. स्टॉपरने चूक केल्यावर काय करायचे, हे मुलांना याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

दुसरी बाजूही लिहा. ८ मार्च २०१७ रोजी बार्सिलोनात याच कर्णधाराच्या संघाने ६-१ असा मार खाल्ला आणि पहिल्या सामन्यातील ४-० ची आघाडी घालवली. भक्त असलो तरी हे झाकू नये, असे माझे मत आहे.

चेल्सीचा आरंभही तसाच आहे. २०२० मध्ये पॅरिसशी करार संपल्यावर तो विनामोबदला लंडनला आला. छत्तिसावा वाढदिवस होऊन चार दिवस झाले होते; वेस्ट ब्रॉमविचविरुद्ध प्रीमियर लीगमधील पहिलाच सामना, दंडावर कर्णधाराची पट्टी, आणि शेवटचा माणूस म्हणून उभा असताना चेंडू त्याच्या बुटाखालून निसटला. गोल झाला. मध्यंतराला चेल्सी ०-३ ने मागे होते, सामना मात्र ३-३ असा सुटला. ‘म्हातारा आणला’ अशी टीका तेव्हा पुष्कळ झाली. तो तिथे चार वर्षे टिकला आणि १५५ सामने खेळला.

धागाकर्ता

हे वाचताना तक्त्याचा प्रश्न माझ्यापुरता सुटला. २०२१ च्या २९ मे रोजी चेल्सीने मँचेस्टर सिटीला १-० असे हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, तो अंतिम सामना पोर्टोच्या द्रागाओ मैदानावर झाला. ज्या क्लबाच्या मुख्य संघाकडून त्याच्या खात्यावर शून्य सामने आहेत, त्याच क्लबाच्या घरच्या मैदानावर! त्या दिवशीही तो पूर्ण वेळ खेळला नाही. दुखापतीमुळे ३९ व्या मिनिटाला बाहेर आला आणि ख्रिस्टेन्सन आत गेला. पहिली ओळ खोडली तर या शेवटच्या ओळीला काही अर्थच उरत नाही. सहकाऱ्यांना हे सांगितले, तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “राहू दे मग.”

शून्याच्या जागी ‘रुग्णालयात ६ महिने’ असे लिहावे का, असाही विचार माझ्या मनात आला होता.

प्रतिसाद १ चे सभासद

तसे करू नका. सामन्यांच्या रकान्यात आकडाच असावा. शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना वाढवा आणि जे सांगायचे ते तिथे सांगा.

धागाकर्ता

सूचना मान्य. डायनामो मॉस्कोची ओळ आता अशी आहे : २००५, डायनामो मॉस्को (लोनवर), सामने ०, गोल ०, शेरा : क्षयरोगाचे निदान, उपचार पूर्ण.

आता एकच किरकोळ बाब राहिली. नाव ‘थियागो’ लिहावे की ‘तियागो’? रिओकडची माणसे तो उच्चार ‘चियागु’च्या जवळचा करतात, असे गोव्यातील एका स्नेह्यांनी सांगितले.

प्रतिसाद ४

उच्चार त्यांचा बरोबर आहे, परंतु मराठी वृत्तपत्रांतून मुले ‘थियागो’ वाचत आली आहेत. मथळ्यात तेच ठेवा आणि रिओचा उच्चार कोपऱ्यात छोट्या अक्षरांत द्या.

धागाकर्ता

तसेच करतो. रविवारी कार्डशीट आणतो. तक्ता रेखण्याचे काम वही सांभाळणाऱ्या आमच्या खेळाडूने मागून घेतले आहे आणि संघाच्या वहीतही ‘शेरा’ रकाना आखू का, असे त्याने विचारले आहे. मी हो म्हटले आहे.