मदत हवी आहे: सुपरमार्केटमध्ये अप्रेंटिस आहे, पण बिलिंग काउंटरच्या पुढे जाऊच देत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. बी.कॉम. झाल्यावर वर्धा रोडकडच्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये अप्रेंटिस म्हणून लागले. करार वर्षभराचा, सरकारी पोर्टलवर रीतसर नोंदलेला. रुजू होताना सांगितलं होतं की आधी बिलिंग, मग फ्लोअर, रिसिव्हिंग (आलेला माल तपासून घेणं), ऑर्डरिंग आणि शेवटी स्टोअर मॅनेजरच्या हाताखाली. निम्मं वर्ष सरत आलं, मी अजून काउंटरवरच. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सध्या माणसं कमी आहेत, पुढच्या महिन्यात पाहू."

बाबा इतवारीत ठोक किराण्याच्या दुकानात हिशेबाला असतात, त्यामुळे माल, घट, उधारी हे शब्द लहानपणापासून कानावर. मला स्टोअर चालवायला शिकायचंच आहे. आता दुसरीकडून कॅशियरची पक्की नोकरी चालून आली आहे, स्टायपेंडपेक्षा पगार थोडा जास्त. घरचे म्हणतात घेऊन टाक. करार अर्धवट सोडू का? आणि सणाच्या गर्दीत रोज दोन-दोन तास जास्त थांबवतात, वर मेंबरशिप कार्ड विकायचं टार्गेटही देतात. अप्रेंटिसला हे लागू होतं का?

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं स्टोअर सांभाळलं आहे. आधी एक सांगतो, काउंटरवर गेलेले महिने वाया गेले असं मानू नकोस. स्टॉकचा घोळ बहुतेकदा तिथेच सुरू होतो.

गिऱ्हाईक एकाच किमतीची चार चवींची चार बिस्किटं आणतं. घाईत कॅशियर एकच पुडा स्कॅन करून 'चार' दाबतो. पैसे बरोबर येतात, गल्ला जुळतो. पण सिस्टीममध्ये एका चवीचे चार पुडे कमी होतात आणि बाकी तीन चवींचा माल कागदावर तसाच राहतो. ऑर्डर निघते सिस्टीमच्या आकड्यावरून. म्हणून रॅक रिकामा आणि सिस्टीम म्हणते माल आहे. तेलाच्या पाऊचचंही तसंच. बारकोड एक, जुन्या-नव्या मालाची एमआरपी वेगळी, स्क्रीनवर दोन किमती येतात. चुकीची निवडली की गिऱ्हाइकाशी वाद होतो आणि दोन्ही बॅचचा हिशेब बिघडतो. अशा चार-पाच वस्तू हेरून ठेव. रॅकवरचे नग मोज, सिस्टीमचा आकडा फ्लोअरच्या माणसाकडून घे आणि फरक लिहून मॅनेजरला दाखव. "मला शिकवा" म्हणण्यापेक्षा हे जास्त चालतं. मी स्वतः अशाच मुलांना आत घ्यायचो.

मग रिसिव्हिंग माग. सकाळची पाळी मागितलीस तर बहुतेक नाही म्हणणार नाहीत, कारण ती कोणालाच नको असते. कळमना मार्केटची भाजी आली की क्रेटचं वजन वजा करून तोलायची. आपल्याकडच्या मे महिन्यात दही-पनीरची गाडी आली की आधी आतलं तापमान बघायचं, तारखा बघायच्या, मगच चलनावर सही. एकदा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झाली की मग निघालेली घट आपल्या स्टोअरच्या नावावर.

नोकरीचं म्हणशील तर माझं मत स्पष्ट आहे: लगेच सोडू नकोस. कॅशियरची जागा सहा महिन्यांनीही मिळेल. पण दोन महिन्यांत विभाग बदलला नाही, तर मात्र सोड.

प्रतिसाद २

कायद्यापुरतं सांगते. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. त्यात तुम्ही कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहात. त्यामुळे करार संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन मालकावर नसतं, करारात तसं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. पण कलम १५ प्रमाणे अप्रेंटिसशिप ॲडव्हायजरच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय जादा वेळ थांबवता येत नाही. कलम १३ प्रमाणे इन्सेंटिव्ह योजनेत भाग घ्यायची सक्ती करता येत नाही, म्हणजे कार्ड विकलं तरच अमुक मिळेल असं टार्गेट असेल तर नकार देऊ शकता. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९००० रुपये स्टायपेंड ठरला होता, तुमचा त्याहून कमी नाही ना ते पाहा. करारावरून वाद झाला तर तोही ॲडव्हायजरकडेच जातो.

आधी भांडू नका. करारासोबतचा ट्रेनिंगचा आराखडा मागा, कोणता विभाग किती दिवस ते त्यात असायला हवं. त्याचा हवाला देऊन एचआरला मेल करा. तोंडी बोलण्याला काही अर्थ नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बिस्किटांचं वाचून धक्काच बसला, आमच्याकडे अगदी हेच सुरू आहे. मेल आज रात्रीच लिहिते आणि सकाळची पाळी मागते. बाबांनाही तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते दोन महिने थांबायला तयार झाले. एक शंका राहिली: रोजच्या कामाची नोंद ठेवायच्या लॉगबुकवर सही कोणाची घ्यायची, एचआरची की विभागप्रमुखाची?

प्रतिसाद १

ज्याच्या हाताखाली काम केलंस त्याची, आणि त्याच दिवशी. महिन्याच्या शेवटी त्यावर एचआरचा शिक्का घे.