सायकल संघातल्या 'स्वान्यर'ला मराठीत काय म्हणाल?

बोपदेवकर: पुणे ग्रँड टूर झाल्यापासून आमच्या सायकलवाल्यांना जुन्या शर्यतींचं वेड लागलंय. गटाच्या अंकासाठी 1998 च्या फेस्टिना प्रकरणावर लिहितोय, टूर द फ्रान्स शर्यतीतला फेस्टिना संघ डोपिंगमध्ये सापडला ते. विली व्हूट हा त्या संघाचा स्वान्यर. मालिश, पाण्याच्या बाटल्या, खाण्याच्या पिशव्या, सगळं तोच बघायचा. 8 जुलैला बेल्जियमहून फ्रान्समध्ये शिरताना त्याची गाडी अडवली, आत ईपीओ या डोपिंगच्या औषधाचा आणि वाढीच्या संप्रेरकांचा साठा! पुढे व्यवस्थापक आणि डॉक्टरही आत गेले. मी 'मालिशवाला' लिहिलं, तर संपादकबाई म्हणतात सलून आठवतं.

अनुस्वार: परिचारक. फ्रेंच धातूचा अर्थच शुश्रूषा करणं.

तालीमवाला: परिचारक म्हटलं की ससूनचा वॉर्ड दिसतो. आमच्या तालमीत धाकटी पोरं थोरल्यांचं अंग रगडायची, थंडाई घोटायची. वेगळं नाव कशाला? 'खुराक्या' करा.

अनुस्वार: खुराक म्हणजे दूध-बदाम. सुईला खुराक म्हणणार?

तालीमवाला: म्हणतातच. कुठल्याही जिमबाहेर उभं राहून ऐका.

नीराकाठ: मालिशवाला नकोच. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या संघातली स्वान्यर एमा ओरायली, तिला काय मालिशवाली लिहिणार? दंडावरच्या सुयांच्या खुणा झाकायला त्यानं तिच्याकडे मेकअप मागितला होता, असं तिनंच सांगितलं. आधी तिला खोटी पाडलं. 2012 मध्ये त्याची टूर द फ्रान्सची सातही जेतेपदं गेली, तेव्हाच्या साक्षींत तिचीही होती. आणि 'परिचारिका' म्हणाल तर ती नर्स होते.

जुनाट: फ्रेंच 'स्वँ' म्हणजे आपली 'सोय'च. सोयकर म्हणा!

अनुस्वार: मग सोयरीकही पॅरिसलाच जमवा.

बोपदेवकर: बरं, डोपिंगला 'उत्तेजक द्रव्यसेवन' चालेल ना? पेपरात तेच छापतात.

नीराकाठ: ईपीओ उत्तेजित कुठे करतं? तांबड्या पेशी वाढवतं, रक्त जास्त प्राणवायू वाहतं. तेव्हा ते पकडणारी चाचणीच नव्हती. म्हणून 1997 पासून रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण 50 टक्क्यांपुढे गेलं की सायकलपटूला काही दिवस घरी बसवायचे, तेही 'तब्येतीसाठी'! म्हणजे एकोणपन्नासपर्यंत रान मोकळं. अॅम्फेटामिनला उत्तेजक म्हणा, इथे सरळ डोपिंग लिहा.

अनुस्वार: 'निषिद्ध द्रव्य' आहे की.

तालीमवाला: निषिद्ध काय, उपासाला कांदा?

बोपदेवकर: आणखी एक. 'संशयाची सुई संघातल्या माणसांकडे वळली' असं वाक्य आहे. सुईवर सुई होतेय का?

अनुस्वार: ती हिंदीतली, 'शक की सुई'. आपल्याकडे पाणी मुरतं.

जुनाट: छे! होकायंत्राची सुई आहे ती. आंग्र्यांच्या आरमारातून आली असणार.

तालीमवाला: घड्याळाची.

नीराकाठ: घड्याळाला काटा असतो हो.

तालीमवाला: मंडईत काटा तराजूला असतो.

बोपदेवकर: अंक आज रात्री छापायला जातोय. स्वान्यरचं काय करू?

जुनाट: थांबा, आधी तराजूचा काटा की घड्याळाचा, ते कोशात बघून सांगतो.